प्रकाशाने जागं होणारं चुंबकत्व: धातू असलेल्या सेंद्रिय रेणूंच्या ट्रिपलेट अवस्थेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स: चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्मलहरी टाकून एकट्या इलेक्ट्रॉनांचं चुंबकत्व पाहायची पद्धत) शिकवायला घेतलं की दर वर्षी तेच प्रश्न येतात. कधी वर्गात, कधी व्हरांड्यात, कधी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. चोपडा, यावल, रावेर भागातली मुलं डोळ्यांसमोर आहेत, त्यामुळे केळीचं पान वारंवार येईल. ते मुद्दाम आणलेलं नाही. आपल्या शिवारात मैलोनमैल जो हिरवा रंग पसरलेला असतो, तो धातू असलेल्या सेंद्रिय रेणूचाच आहे: क्लोरोफिलचं कडं आणि त्याच्या मधोमध मॅग्नेशियम.

ट्रिपलेट अवस्था म्हणजे नेमकं काय?

बहुतेक सेंद्रिय रेणूंत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे जणू एक छोटा चुंबक, आणि त्याची दिशा म्हणजे स्पिन. जोडीतल्या एकाचा स्पिन वर, दुसऱ्याचा खाली. दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढतं, म्हणून असा रेणू डायामॅग्नेटिक असतो, म्हणजे चुंबकाकडे ओढला जात नाही. ही सिंगलेट अवस्था.

प्रकाश शोषला की जोडीतला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऑर्बिटलमध्ये जातो. जाताना त्याचा स्पिन तोच राहतो, म्हणजे रेणू अजून सिंगलेटच. पण वर गेल्यावर काही रेणूंत हा स्पिन पलटतो आणि दोन्ही इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेचे होतात. एकूण स्पिन १ होतो. ही ट्रिपलेट अवस्था. मघाशी ज्या रेणूत चुंबकत्वाचा मागमूस नव्हता, तो आता पॅरामॅग्नेटिक (चुंबकाकडे ओढला जाणारा) झालेला असतो आणि प्रकाश बंद झाल्यावरही थोडा काळ तसाच राहतो.

तीन कशाचे?

एकूण स्पिन १ असला की त्याच्या तीन उपपातळ्या होतात. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रात त्या +१, ० आणि −१ अशा ओळखतात. क्षेत्र नसताना एक्स, वाय आणि झेड म्हणतात, कारण तेव्हा त्या रेणूच्या स्वतःच्या अक्षांना बांधलेल्या असतात. पॉर्फिरिनसारख्या (क्लोरोफिलच्या कड्याच्याच जातीच्या) चपट्या रेणूत एक्स-वाय हे कड्याच्या पातळीत आणि झेड कड्याला उभा. ही कल्पना मनात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

यातलं काही डोळ्यांनी दिसतं का? आमच्याकडे लेझर नाही.

दिसतं, आणि मला हा प्रयोग फार आवडतो. आम्ही तो दर वर्षी करतो.

केळीचं ताजं पान घ्या, मधला दांडा काढून टाका, बारीक चिरून खलात स्पिरिट घालून घोटा. पान चिवट असतं, धीर धरावा लागतो. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, म्हणून एप्रन घालाच. कापसातून गाळा. गडद हिरवं द्रावण येईल, त्यात आणखी स्पिरिट घालून ते पातळ करा आणि चार परीक्षानळ्यांत वाटा. मग खोलीत अंधार करून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च पहिल्या नळीवर धरा. हिरवं द्रावण रक्तासारखं लाल चमकतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

दुसऱ्या नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका. रंग वाळल्या पानासारखा तपकिरी होतो, कारण आम्लाने मधलं मॅग्नेशियम निघून गेलं आणि त्याच्या जागी दोन हायड्रोजन आले. याला फिओफायटिन म्हणतात. टॉर्च धरा: लाल चमक अजून आहे.

तिसऱ्या नळीत आधी तसंच आम्ल टाका आणि मग कॉपर अ‍ॅसिटेटची चिमूट. ते नसेल तर मोरचुदाच्या पाण्याचे दोन-चार थेंबही चालतात. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद बहुतेकांच्या घरी असतंच. नळी गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. आचेवर धरू नका, स्पिरिट पेट घेतं. तपकिरी रंग जाऊन पुन्हा हिरवा येतो, आधीपेक्षाही टवटवीत. आता टॉर्च धरा. चमक गेली. रंग हिरवाच, पण लाल प्रकाश नाही.

चौथ्या नळीत तांब्याऐवजी झिंक अ‍ॅसिटेट घाला. जस्त आत बसायला जास्त वेळ आणि जास्त ऊब लागते, पण बसलं की रंगही हिरवा आणि चमकही लाल.

कडं तेच, फक्त मधला धातू बदलला, आणि रेणूने प्रकाशाचं काय करायचं ते बदललं.

(वनस्पतिशास्त्राच्या संग्रहालयात पानं हिरवी ठेवण्यासाठी ती कॉपर अ‍ॅसिटेटमध्ये उकळतात, ते याच कारणाने. तांबं एकदा बसलं की सहजी निघत नाही.)

ती लाल चमक ट्रिपलेटची असते का?

नाही. ती फ्लुरोसन्स, म्हणजे सिंगलेटमधून येणारा प्रकाश. काही नॅनोसेकंदांत आटोपतो. ट्रिपलेटमधून खाली यायला इलेक्ट्रॉनाला स्पिन परत पलटावा लागतो, म्हणून त्याचा प्रकाश उशिरा आणि मंद येतो. त्याला फॉस्फोरेसन्स म्हणतात. क्लोरोफिलचा फॉस्फोरेसन्स अतिशय क्षीण आणि अवरक्त भागात असतो, डोळ्याला दिसत नाही. पण पहिल्या नळीत फ्लुरोसन्स चालू असतानाच अर्ध्याहून अधिक उत्तेजित रेणू गुपचूप ट्रिपलेटमध्ये उतरत असतात. तेच आपल्याला ईपीआरने पकडायचे आहेत.

अंधारात चमकणारे ‘रेडियम’चे स्टिकर म्हणजे ट्रिपलेटच ना?

नाही. आजच्या स्टिकरांमध्ये युरोपियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असतं. त्यात इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या खाचांत अडकतात आणि हळूहळू सुटतात. ती यंत्रणा वेगळी.

प्रकाश टाकल्यावर द्रावण चुंबकाकडे ओढलं जाईल का?

हातातल्या चुंबकाने तसं काही जाणवणार नाही. एका वेळी थोडेच रेणू ट्रिपलेटमध्ये असतात आणि त्यांचं पॅरामॅग्नेटिझम द्रावकाच्या डायामॅग्नेटिझमपुढे फिकं पडतं. पण नाजूक तराजूने ते मोजता येतं, आणि मोजलंही गेलं आहे.

ती हकीकत सांगण्यासारखी आहे. रंगद्रव्यांच्या दीर्घ चमकेमागे ट्रिपलेट अवस्था आहे असं रशियात तेरेनिन यांनी १९४३ मध्ये आणि अमेरिकेत गिल्बर्ट लुईस आणि मायकेल काशा यांनी १९४४ मध्ये मांडलं. अनेकांना ते पटेना. मग लुईस म्हणाले, ट्रिपलेट असेल तर ती चुंबकीय असलीच पाहिजे. त्यांनी आणि मेल्विन केल्विन यांनी बोरिक आम्लाच्या काचेत फ्लुरेसिन हे रंगद्रव्य गोठवलं, त्यावर झगझगीत प्रकाश टाकला आणि चुंबकीय क्षेत्रात त्याची हालचाल पाहिली. प्रकाश पडला की नमुना पॅरामॅग्नेटिक होत होता. हे काम १९४५ मध्ये प्रसिद्ध झालं. १९४६ मध्ये लुईस गेले. सविस्तर मोजमाप काशा आणि केल्विन यांनी पूर्ण केलं आणि १९४९ मध्ये लुईस यांच्या नावासह छापलं. पुढे १९५८ मध्ये हचिसन आणि मँगम यांनी ड्युरीनच्या स्फटिकात विरळ मिसळलेल्या नॅप्थलीनचा ट्रिपलेट ईपीआरमध्ये स्पष्ट पाहिला आणि वाद संपला.

तुमच्या पाठ्यपुस्तकात ‘ट्रिपलेट पॅरामॅग्नेटिक असतो’ हे अर्ध्या ओळीत येतं. त्या अर्ध्या ओळीसाठी पंधरा वर्षं लागली.

डी आणि ई हे आकडे काय सांगतात?

बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अजिबात नसलं तरी ट्रिपलेटच्या तीन उपपातळ्या एका उंचीवर नसतात. दोन इलेक्ट्रॉन म्हणजे दोन छोटे चुंबक, आणि ते एकमेकांना ढकलतात-ओढतात. त्यामुळे पातळ्या थोड्या फाकतात. झेड पातळी बाकी दोघींपासून किती दूर, ते डी सांगतो. एक्स आणि वाय एकमेकींपासून किती दूर, ते ई सांगतो.

दोन इलेक्ट्रॉन जितके दूर पसरतील तितका डी लहान. नॅप्थलीनमध्ये डी सुमारे ०.१ प्रति सेंमी आहे (प्रति सेंमी हे इथे ऊर्जेचं एकक). पॉर्फिरिनचं कडं मोठं, इलेक्ट्रॉन ऐसपैस पसरलेले, म्हणून झिंक टेट्राफिनाइलपॉर्फिरिनमध्ये तो ०.०३ च्या आसपास आणि क्लोरोफिल-ए मध्ये ०.०२८ च्या आसपास.

०.०३ हा आकडा नुसता वाचू नका, तो चुंबकीय क्षेत्रात बदलून पाहा. १ प्रति सेंमी म्हणजे ३० गिगाहर्ट्झ, त्यामुळे ०.०३ म्हणजे ०.९ गिगाहर्ट्झ. मुक्त इलेक्ट्रॉनासाठी २८ गिगाहर्ट्झला १ टेस्ला लागतो, म्हणून हे झालं ३२ मिलिटेस्ला. ईपीआरचा वर्णपट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत याच्या दुप्पट, म्हणजे ६४ मिलिटेस्ला रुंद दिसतो. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ०.०४ मिलिटेस्लाच्या आसपास आहे. रेणूतले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांवर जो जोर लावतात तो पृथ्वीच्या क्षेत्राच्या शेकडो पट असतो, हे या गणितातून हाती येतं. परीक्षेत हे गणित येवो न येवो, करून पाहा.

ई बद्दल एक गंमत आहे. झिंक पॉर्फिरिनचं कडं चौकोनासारखं सममित, मग एक्स आणि वाय सारखेच असायला हवेत आणि ई शून्य यायला हवा. पण थंड नमुन्यात ई सुमारे ०.०१ प्रति सेंमी येतो. उत्तेजित अवस्थेत कडं एका बाजूला किंचित ताणलं जातं. हा यान-टेलर परिणाम. म्हणजे ई मोजला की रेणूचा आकार बिघडल्याचं कळतं, तेही क्षणभरच जगणाऱ्या अवस्थेचा.

मधल्या धातूने चुंबकीय गुणधर्म कसे बदलतात?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. धातू तीन गोष्टी ठरवतो: ट्रिपलेट किती वेगाने तयार होतो, तीनपैकी कोणत्या उपपातळीत उतरतो आणि किती काळ टिकतो.

स्पिन पलटणं हे एरवी निषिद्ध असतं. ते घडवून आणतं स्पिन-ऑर्बिट कपलिंग, म्हणजे इलेक्ट्रॉनाचा स्पिन आणि त्याचं अणूभोवतीचं फिरणं यांचा संबंध. अणू जड असला की हे कपलिंग झपाट्याने वाढतं. म्हणून मॅग्नेशियम आणि जस्त असलेले रेणू थोडी चमक राखून ट्रिपलेटमध्ये जातात, तर पॅलेडियम आणि प्लॅटिनम असलेले जवळजवळ सगळेच्या सगळे जातात आणि त्यांचा फ्लुरोसन्स संपतो. त्याच कपलिंगमुळे परत येणंही सोपं होतं. थंड तापमानाला झिंक टेट्राफिनाइलपॉर्फिरिनचा ट्रिपलेट वीस-पंचवीस मिलिसेकंद टिकतो, पॅलेडियमचा काही मिलिसेकंद, प्लॅटिनमचा त्याहून कमी. प्लॅटिनमचे पॉर्फिरिन तर साध्या तापमानालाही लाल फॉस्फोरेसन्स देतात, फक्त ऑक्सिजन काढलेला हवा.

आता उपपातळीचं. धातू नसलेल्या पॉर्फिरिनमध्ये ट्रिपलेट मुख्यतः कड्याच्या पातळीतल्या एक्स-वाय उपपातळ्यांत उतरतो. जस्त घातलं की चित्र पालटतं आणि बहुतेक रेणू झेडमध्ये उतरतात. कारण जस्ताचे उभे डी-ऑर्बिटल (वरच्या डी या आकड्याशी यांचा संबंध नाही) कड्यावर पसरलेल्या पाय-ऑर्बिटलांत थोडे मिसळतात आणि झेड अक्षाभोवतीची फिरकी इलेक्ट्रॉनाला मिळते. म्हणजे नुसता वर्णपट पाहून ‘आत धातू आहे का’ हे सांगता येतं.

खूप जड धातूंत, उदाहरणार्थ इरिडियमच्या हिरव्या प्रकाश देणाऱ्या संयुगात, उपपातळ्यांमधलं अंतर शंभर प्रति सेंमीच्याही वर जातं. तिथे साधा एक्स-बँड (नेहमीच्या यंत्रातल्या सूक्ष्मलहरींचा पट्टा) ईपीआर निरुपयोगी, कारण त्याच्या सूक्ष्मलहरींची ऊर्जा जेमतेम ०.३ प्रति सेंमी असते. तेव्हा अतिथंड तापमानाला प्रकाशाच्या वर्णपटावरूनच अंतर काढावं लागतं.

तांब्याने चमक का विझवली? आणि लोखंड असतं तर?

तांब्याचा दोन धन आयन स्वतःच चुंबकीय आहे, त्यात एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. कड्यावर ट्रिपलेटचे दोन इलेक्ट्रॉन आणि मध्ये तांब्याचा एक, असे तिघं एकत्र येतात आणि एकूण स्पिन १/२ किंवा ३/२ होतो. पहिल्याला ट्रिपडब्लेट, दुसऱ्याला ट्रिपक्वार्टेट म्हणतात. तांब्यामुळे मुळातलीच अवस्था डब्लेट, म्हणजे स्पिन १/२ ची, त्यामुळे ट्रिपडब्लेटमध्ये उतरायला स्पिनचा अडसर राहत नाही. उत्तेजित रेणू इतक्या लवकर तिकडे घसरतो की लाल प्रकाश द्यायला त्याला वेळच मिळत नाही. तिसरी नळी विझली ती यामुळे. क्वांटम संगणनासाठी प्रकाशाने तयार होणाऱ्या अशा क्वार्टेट अवस्थांवर आज बरंच संशोधन चालू आहे.

लोखंड आणि निकेल यांच्या डी-ऑर्बिटलांमुळे खाली उतरायच्या पायऱ्या भरपूर असतात. ऊर्जा क्षणात उष्णता होऊन जाते आणि टिकाऊ ट्रिपलेट मिळत नाही. आपल्या रक्तातलं हीम उन्हात चमकत नाही, ते याच कारणाने.

मॅडम, आमचा वर्णपट अर्धा वर, अर्धा उलटा आला. नमुना बिघडला का?

बिघडला नाही, उलट फार छान आला आहे!

नेहमीच्या ईपीआरमध्ये खालच्या पातळीत रेणू किंचित जास्त असतात. साध्या तापमानाला एक्स-बँडमध्ये हा फरक साधारण हजारात दीड. म्हणून संकेत नेहमी शोषणाचा येतो. प्रकाशाने नुकत्याच जन्मलेल्या ट्रिपलेटमध्ये असं संतुलन नसतं. वर सांगितल्याप्रमाणे तो एकाच उपपातळीत गर्दी करतो. काही क्षेत्रांवर वरची पातळी जास्त भरलेली असते, तिथे रेणू सूक्ष्मलहरी शोषण्याऐवजी बाहेर टाकतो. तो भाग उलटा दिसतो. याला स्पिन पोलरायझेशन म्हणतात, आणि यामुळे संकेत नेहमीपेक्षा कितीतरी पट मोठा मिळतो.

ही असमान गर्दी फार टिकत नाही. काही मायक्रोसेकंदांत स्पिन आजूबाजूच्या हालचालींशी जुळवून घेतात. म्हणून लेझरचा दहा नॅनोसेकंदांचा झोत टाकून लगेच मोजतात. वर्णपटाची सहा वळणांची रेष आली की कोणतं वळण वर, कोणतं खाली, हे डावीकडून उजवीकडे लिहून ठेवा. रेणू कसा उत्तेजित झाला याचा तो ठसा असतो. प्रकाशसंश्लेषी जीवाणूंमध्ये हा क्रम वेगळाच आला, आणि त्यावरूनच कळलं की तिथला ट्रिपलेट थेट उतरत नाही, आधी दोन विरुद्ध प्रभारांचे रेणू तयार होतात आणि ते परत जुळताना तो जन्मतो.

ऑक्सिजन काढा, ऑक्सिजन काढा असं सारखं का सांगता?

हवेतला ऑक्सिजन स्वतः मुळात ट्रिपलेट आहे. उत्तेजित ट्रिपलेट रेणू त्याला भेटला की ऊर्जा देऊन मोकळा होतो आणि ऑक्सिजन सिंगलेट बनतो. त्यासाठी फक्त ९४ किलोज्यूल प्रति मोल लागतात, आणि जवळपास प्रत्येक पॉर्फिरिनकडे त्याहून जास्त असतात. उघड्या द्रावणात मिलिसेकंद जगू शकणारा ट्रिपलेट मायक्रोसेकंदाच्या आतच संपतो.

सिंगलेट ऑक्सिजन पेशी जाळतो. डॉक्टर तो कर्करोगाच्या गाठीवर मुद्दाम वापरतात: पॉर्फिरिनचं औषध द्यायचं आणि गाठीवर लाल प्रकाश टाकायचा. असं पहिलं औषध १९९३ मध्ये कॅनडात मंजूर झालं.

आणि हाच प्रकार आपल्या गोठ्यातही घडतो. सातपुड्याच्या पायथ्याशी घाणेरी माजली आहे. चारा कमी असला की गुरं ती खातात, यकृत बिघडतं आणि क्लोरोफिल पचून तयार होणारं फायलोएरिथ्रिन शरीराबाहेर न पडता रक्तात साठतं. हे धातू नसलेलं पॉर्फिरिन. जनावर उन्हात गेलं की कातडीत ट्रिपलेट तयार होतो, मग सिंगलेट ऑक्सिजन, मग कातडी सोलवटते. कमी केसांच्या आणि पांढऱ्या भागावर आधी. एका विद्यार्थ्याने हे घरी सांगितलं तेव्हा त्याचे आप्पा म्हणाले, “म्हणूनच डॉक्टर गायीला सावलीत बांधा म्हणत होते.” अशा जनावराला तातडीने सावलीत बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

केळीचं पान मात्र जळत नाही, कारण त्यात कॅरोटिनॉइड असतात. ते क्लोरोफिलच्या ट्रिपलेटची ऊर्जा ऑक्सिजनच्या आधी उचलतात आणि उष्णता करून सोडतात. कॅरोटिनॉइड तयार न होणारी रोपं उजेडात पांढरी पडून मरतात.

द्रव नायट्रोजन जळगाव-धुळ्यात कुठे मिळणार?

ट्रिपलेट जास्त काळ टिकावा म्हणून नमुना द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोजतात, तेव्हा तो लागतोच. विद्यापीठात चौकशी करा. पण तालुक्याच्या ठिकाणी तो रोज वापरणारे लोक आहेत हे विसरू नका: कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या पिंपातच ठेवतात. पिंप कसं हाताळायचं, झाकण घट्ट का लावायचं नाही, बंद खोलीत का ओतायचं नाही, हे पशुधन पर्यवेक्षकाकडून शिका. त्यांचा हात बसलेला असतो.

नमुना मुंबईला पाठवण्याआधी काय तपासायचं?

आयआयटी मुंबईच्या सॅफ (सामायिक उपकरणांच्या) केंद्रात ईएसआर, म्हणजे ईपीआरचंच, यंत्र आहे. नमुन्यावर प्रकाश टाकून मोजता येईल का, हे आधी विचारा, मग तिकीट काढा.

द्रावकाबद्दल माझा अनुभव सांगते. मी शिकत असताना झिंक पॉर्फिरिन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून नळी घेऊन गेले होते. भुसावळहून रात्रीची गाडी, सकाळी प्रयोगशाळा. नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली आणि ती पांढरीशुभ्र झाली. अ‍ॅसिटोनचे स्फटिक झाले, रेणू कडेला ढकलले जाऊन त्यांचे गठ्ठे झाले, प्रकाश आत शिरेना. दिवसभर बसून सपाट रेष पाहिली आणि परत आले. गोठल्यावर काचेसारखा पारदर्शक राहणारा द्रावक हवा: २-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान, नाहीतर निर्जल इथेनॉल. पाणी नकोच, गोठताना त्याचेही स्फटिक होतात, आणि द्रव असताना ते सूक्ष्मलहरी शोषून घेतं.

घरून निघण्याआधी नळी एकदा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून पाहा. पलीकडची छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत. द्रावणाचा रंग फिका ठेवा, गडद नको. गोठवा, हवा उपसा, वितळवा, असं तीनदा करून नळीचं तोंड वितळवून बंद करा. मग ती काळ्या कागदात गुंडाळा, कारण प्रवासात उजेड लागला की पॉर्फिरिन हळूहळू विरतं. कागदावर पेन्सिलीने लिहा: कोणता धातू, कोणता द्रावक, कोणत्या तारखेला बंद केली. शाई स्पिरिटच्या हाताने पुसली जाते.